मेघालीचा दुसरा मसुदा

मेघाली मेहेर माझ्याकडे काम शिकायला आली ती अटी घेऊनच. फौजदारी करणार नाही, सातबाऱ्याची भांडणं नकोत, अपघाताचे दावे नकोत. "मला फक्त कौटुंबिक कायदा करायचाय, मॅडम." मी पालघरच्या कोर्टात चाळीस वर्षं काढली आहेत. तिला सरळ सांगितलं की इथे नवराबायकोचं भांडणसुद्धा तिसऱ्या तारखेला चिकूच्या वाडीवर येतं आणि नुसतं कुटुंब करणाऱ्या वकिलाला डबा घरूनच आणावा लागतो. ती म्हणाली, डबा मी घरूनच आणते. दुपारी तिने तो उघडलाही. माझ्या कपाटातल्या फायलींना सुक्या बोंबलाचा वास येतो तो तेव्हापासूनचा.

मुलगी सातपाटीची. बापाची बोट, आई भावना पालघरच्या बाजारात मासे विकते. घरात पहिली वकील हीच, आणि वकील झाल्यावर लग्नाचं बघायचं सोडून पुन्हा परीक्षेला बसलेली आख्ख्या आळीत पहिली. मुंबईच्या एका कॉलेजात ती एलएल.एम. करत होती, विषय कौटुंबिक कायदा. शुक्रवार-शनिवार तिकडे तास, बाकीचे दिवस माझ्या ऑफिसात. शिवाय मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेलं. त्यात म्हणे असं शिकवतात की समोरच्याचं बोलणं आधी आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, आपल्याला नीट कळलंय याची खात्री करायची आणि मगच पुढे जायचं. मेघालीने हा सराव घरी सुरू केला. एक दिवस भावना माशांची पाटी बाहेर ठेवून जिना चढून वर आली. म्हणाली, "बाई, हिला काय शिकवलंय तुमी? मी म्हनते माजी पाठ दुखते, तं ही म्हनते, म्हणजे तुझ्या सांगण्याचा अर्थ असा की तुझी पाठ दुखते. मंग मी दुसरं काय बोलली?" मी हात वर केले. हे मी शिकवलेलं नव्हतं, हे तिने सर्टिफिकेट घेऊन आणलेलं होतं.

तिचे गुण आधी सांगून टाकते. बाई रडायला लागली की ती पाणी पुढे करायची आणि गप्प बसायची. "थोडं सहन करून बघा" हे वाक्य, जे आमच्यातले निम्मे वकील फी न घेता देतात, ते तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वेळेवर यायची. खोटं बोलायची नाही.

राग यायचा तो एका गोष्टीचा. तिला पुस्तकातलं सगळं यायचं, आणि ते लगेच यायचं. तिच्याकडे रंगीत चिकटपट्ट्या होत्या: पोटगीला पिवळी, मुलांच्या ताब्याला गुलाबी, राहत्या घराच्या हक्काला हिरवी. समोरची बाई पहिलं वाक्य पुरं करायच्या आत मेघालीचा हात पट्टीकडे जायचा. मी म्हणायचे, अगं, ती अजून दाराशी आहे, तिला आत तर येऊ दे. ती "सॉरी मॅडम" म्हणायची आणि पट्टी चिकटवायची.

माझ्या ऑफिसची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो मला समजला, तो खरा आहे. बहुतेकांकडे तिचा रबरी शिक्का असतो. शिक्का मारला, अंगठा घेतला, पुढचं माणूस. माझ्याकडे शिक्का नाही. अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, पक्षकार घरात जशी बोलते तशा भाषेत वाचायचा, आणि मग अंगठा. ही शिस्त मी फार थोर आहे म्हणून लावलेली नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईच्या अर्जात मी तिच्या पोरीचं वय चुकवलं, उलटतपासणीत ती बाई खोटारडी ठरली, आणि तिने त्यानंतर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. मनोरच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथून ठमी आली. तिशीची वारली बाई, सोबत नऊ वर्षांची पोर, सपना. ठमीचं सांगणं लांबलचक नव्हतं. बारा वर्षं ती सुकाच्या घरात आहे. पावसाळ्यात भात-नागली, पीक निघालं की दोघं मिळून वीटभट्टीवर, असं चाललं होतं. मग सुकाला बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम मिळालं आणि तो तिकडेच खोली घेऊन राहिला. आता त्याला तिथे दुसरी भेटली होती. वैशाखात तिच्याशी लगीन करून तो तिला याच घरात आणणार होता. ठमीला त्याने निरोप दिला होता की त्याआधी आईकडे निघून जा. घराच्या कुडाला लागणाऱ्या कारवीच्या काठ्या ठमीने स्वतः डोक्यावरून आणलेल्या. तिचं मागणं एकच होतं: "मला घरातून काढायला नको. येवढंच करा."

मी विचारलं, तुझं लगीन झालंय ना?

"नाय. ऱ्हायलंय."

डोंगरात यात नवल काही नाही. मागणी घालायला माणसं येतात, मुलीच्या अंगणात दोन्हीकडचे लोक बसून ताडी पितात, सगळा पाडा बघतो, आणि मुलगी मुलाच्या घरी जाते. संसार सुरू होतो. मांडव, भिंतीवरचा चौक, गाणी म्हणून लगीन लावणारी म्हातारी धवलेरी, हे सगळं जमेल तेव्हा. कुणाचं दोन वर्षांनी, कुणाचं दहा. फक्त आपल्या पोराच्या लग्नाआधी आपलं उरकावं लागतं. तिथे याबद्दल कुणी नाक मुरडत नाही. नाक मुरडणारे आम्ही, सपाटीवरचे.

मेघालीचा हात हिरव्या पट्टीकडे गेला. पुस्तकातलं हे प्रकरण तिच्या वर्गात नुकतंच झालं होतं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात, लग्न झालेलं नसलं तरी लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईला घरातून काढता येत नाही. म्हणजे लग्न सिद्ध करत बसायची गरजच नाही. हिंदू विवाह कायदा आदिवासींना लागू नाही, त्यांच्यात रूढी चालते, आणि रूढी कोर्टात शाबीत करणं म्हणजे वर्षांचं काम. ते सगळं टाळता येत होतं. दोन दिवसांत तिने अकरा पानांचा अर्ज तयार केला. मी वाचला. दोन स्वल्पविराम सोडले तर बदलायला काही नव्हतं. मीसुद्धा तोच रस्ता धरला असता, हे मान्य करते.

ठमी पुन्हा आली. मेघाली वाचायला बसली. एकेक ओळ सोपी करून सांगत होती, ठमी मान डोलवत होती. शाईचा पॅड उघडून ठेवलेला. चौथ्या पानावर वाक्य होतं: अर्जदार व गैरअर्जदार यांचे लग्न झालेले नसले तरी ते पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहत होते.

"परमाने म्हंजे?" ठमीने विचारलं.

"म्हणजे तू बायकोसारखी राहत होतीस."

"सारखी." ठमी म्हणाली. अंगठ्याला शाई लागली होती, तो तिने मुठीत दाबून धरला. "बायकोसारखी नाय मी. बायको हाय."

मेघालीने प्रशिक्षणातलं काढलं. "म्हणजे ठमीताई, तुला असं वाटतंय की…"

"वाटत नाय. हाय."

मी मध्ये पडले. मला दुसऱ्या कोर्टात जायचं होतं, घड्याळ पुढे पळत होतं. मी तिला म्हटलं, ही कोर्टाची भाषा आहे, तुला घर हवंय ना, दे अंगठा. ठमीने माझ्याकडे बघून, आवाज न चढवता सांगितलं ते मी इथे तसंच लिहिते.

"बाय, सुका ह्यो कागद पाड्यावर नेल. भागीला दाखवील. म्हनंल, बघ, तिनंच अंगठा दिलाय का मी बायको नाय. मंग भागी त्याचं लगीन लावील. आज ती नाय म्हनते."

भागी ही त्या चार-पाच पाड्यांची धवलेरी. ठमीला विचारून विचारून कळलं ते असं: सुका भागीकडे वैशाखातल्या लग्नाचं सांगायला गेला तेव्हा तिने त्याला वाटेला लावलं होतं. पहिलीचं लगीन राहिलंय, ते झाल्याशिवाय दुसरीच्या मांडवात मी गाणार नाही. दुसरी धवलेरी भागीच्या पाड्यांत यायला राजी नव्हती. सुकाचं अडलं होतं ते फक्त इथे. आणि आम्ही दोघी शिकलेल्या बायका, अकरा पानं लिहून, ती अडचण त्याच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवत होतो.

मेघालीने पॅड मिटला. मला वाटलं आता ती मला एखादा निवाडा सांगेल. तिने ठमीला एवढंच विचारलं की भागी घरी कधी सापडेल.

रविवारी ती गेली. एसटीने मनोर, पुढे जीप, पुढे पायी. माझे गुडघे तिकडे चालत नाहीत, त्यामुळे पुढचं मी तिच्याकडून ऐकलेलं. तिने वहीत चौदा प्रश्न लिहून नेले होते. भागी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, दुसऱ्याला दिलं नाही, बोटाने फक्त फुलं दाखवली. मेघालीने वही ठेवली आणि फुलं पसरायला, उलटायला बसली. वाळवण तिला नवं नव्हतं. दाट पडलं की आतून कुजतं, हे सातपाटीच्या पोरीला सांगावं लागत नाही. तिचा हात बघून म्हातारी बोलायला लागली.

भागीने स्वतःचंच सांगितलं. आधी तीन पोरं झाली. थोरल्याचं लगीन ठरलं तेव्हा आदल्या दिवशी त्याच मांडवात भागीचं आणि तिच्या नवऱ्याचं लागलं, दुसऱ्या दिवशी पोराचं. मेघालीने सवयीने विचारलं, म्हणजे तोपर्यंत तुमचं लग्न झालेलं नव्हतं?

म्हातारी म्हणाली, "मंग ती तीन पोरं काय तुजी?"

हे मेघालीने मला सोमवारी स्वतः सांगितलं, आणि सांगताना स्वतःलाच हसली. हिची वकिली चालेल असं मला पहिल्यांदा त्या सोमवारी वाटलं.

वहीतले चौदा प्रश्न कोरेच होते. पण मागच्या पानांवर तिने बरंच उतरवून आणलं होतं. ठमीच्या बापाच्या अंगणात ताडी प्यायला कोण कोण बसलं होतं. त्यात सुकाचा चुलता होता. सपना जन्मली तेव्हा पाचवी सुकाच्या आईने कुठे पुजली. बारा वर्षांत पाड्यावरच्या कुठल्या कार्यात ठमी सुकाच्या घरची म्हणून कुठे बसली. भागी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार होती, फक्त तिची अट अशी की तेही तिला वाचून दाखवायचं, ठमीसारखं.

तिथून मेघाली बोईसरला गेली, नोटिशीसाठी सुकाचा पत्ता पक्का करायला. चाळीतल्या कामगारांनी हसून सांगितलं, सुका भाई की तो शादी है अगले महीने. तारीखही सांगितली. तिने तीही लिहून आणली.

दुसरा मसुदा तीन पानांचा झाला. निवाडे नाहीत, कलमं नावापुरती. दुसऱ्या पानावर दोन वाक्यं होती: अर्जदार ही गैरअर्जदाराची, त्यांच्या समाजाच्या रूढीप्रमाणे, पत्नी आहे. त्यांचे लगीन व्हायचे राहिले आहे.

मी पेन्सिल आपटली. दुसरं वाक्य म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात काठी देणं होतं. मी म्हटलं, निदान पर्याय तरी ठेव. ती बायको आहे. आणि तसं शाबीत झालं नाही तर, लग्नासारख्या नात्यात होती. वकील हे रोज लिहितात, त्यात काही पाप नाही. मेघाली म्हणाली, लिहिते, पण वाचून तिला दाखवू. दाखवलं. ठमीने सगळं ऐकलं.

"एक डाव हाय म्हनता, एक डाव नाय म्हनता. कोर्टात समदेच असं बोलतात?"

मी म्हटलं, बहुतेक.

"मी नाय बोलनार."

पर्याय खोडला. मला भीती वाटत होती, आणि मी ती मेघालीवर काढली. तू हिला शहाणपणाने समजावत नाहीस, वैशाख तोंडावर आलाय, हे घर गेलं तर तुझी रूढी घेऊन ती कुठे राहणार, असं बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं. माझं बोलणं मला परत सांगितलं नाही, हे विशेष. मग म्हणाली, "हकीकत आपण लिहू, मॅडम. तिला नाव काय द्यायचं ते कोर्ट ठरवेल." हे मीच तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी विसरले होते.

ठमीने अंगठा दिला तो एवढा दाबून की खालच्या पानावरही उमटला.

सुनावणी आली तेव्हा सुकाच्या लग्नाच्या तारखेला नऊ दिवस उरले होते. त्याचा वकील प्रदीप. तोही कधीकाळी माझ्याकडेच शिकलेला, चलाख आणि तोंडाने गोड. त्याने काठी उचललीच. अर्जदार स्वतः पान दोनवर सांगते की लगीन राहिलं आहे. जे राहिलं आहे ते झालेलं नाही. आता यात शाबीत करायला उरलं काय?

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मेघालीच्या बॅगेत सहा निवाडे होते, रंगीत पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. तिचा हात बॅगेकडे गेला आणि परत आला. तिने भागीचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, सावकाश, एकाही शब्दावर जोर न देता. ताडीला कोण बसलं, पाचवी कुठे झाली, भागीचं स्वतःचं लगीन कुठल्या मांडवात लागलं. पोरांचं वाचताना प्रदीपलाही हसू आवरावं लागलं. मग मेघाली बसली. मला वाटलं, संपलं. एवढं अभ्यासलेलं सगळं बॅगेतच राहिलं.

मॅजिस्ट्रेट बाईंनी ठमीला पुढे बोलावलं.

"तुमचं लग्न झालंय?"

"नाय."

प्रदीपने कागद नीट लावायला घेतले.

"मग तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि सुकाकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात, सरळ पाळीवरून आलेला. त्याला विचारलं, या तुमच्या कोण? प्रदीप उठायला लागला, बाईंनी हाताने बसवलं. शेवटच्या बाकावर सपनाला शेजारी घेऊन भागी बसली होती. सुकाच्या दोन्ही थोरल्या भावांची लग्नं तिने लावलेली. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. सुकाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सपनाकडे, आणि मग फरशीकडे.

"घरातली हाय," तो म्हणाला. आणि कुणी न विचारता पुढे म्हणाला, "लगीन ऱ्हायलंय."

मेघालीच्या दुसऱ्या पानावरची ती दोन वाक्यं. त्याच क्रमाने.

अंतिम निकाल अजून लागायचा आहे, तारखा चालू आहेत. सुका बोईसरलाच असतो. तो वैशाख मांडवावाचून गेला, आणि गेल्या पावसात लावणीला तो चार दिवस घरी आला होता असं ठमी सांगते. ती खूश होती की नाही हे मी विचारलं नाही, ती सांगणार नव्हती. मेघालीचं एलएल.एम. झालं. लघुप्रबंधाच्या तोंडी परीक्षेत तिला विचारलं की अशी बाई विवाहित धरायची की अविवाहित. ती म्हणाली, तिला आधी विचारायचं, मग भोवतालच्यांना, आणि पुस्तक शेवटी उघडायचं. गुण बरे पडले, फार नाही. चिकटपट्ट्या ती अजून वापरते, पण आता बाई निघून गेल्यावर लावते.

राहिलं ते तात्पुरत्या आदेशाचं. सुनावणीनंतर तिसऱ्या दिवशी तो मिळाला. पुढील हुकमापर्यंत ठमीला त्या घरातून काढायचं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात, नळाशेजारच्या बाकावर, मेघालीने तो ठमीला वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. ऐकून झाल्यावर ठमीने विचारलं, बायको कुठं लिवलंय? सगळीकडे अर्जदार, अर्जदारच होतं. मेघालीने शोधून एका ओळीवर बोट ठेवलं: अर्जदार ही गैरअर्जदाराची पत्नी असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते.

"ते मधलं काय?"

मेघाली खोटं बोलत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तिने सांगितलं की हे कायमचं नाही. पुढे साक्षी होतील, उलटतपासणी होईल, तेव्हा बदलूही शकतं. आत्ता कोर्टाला दिसतंय तसं लिहिलंय.

"दिसतंय ना?"

"हो. दिसतंय."

"मंग बास," ठमी म्हणाली. तिने सपनाला पुढ्यात ओढून बसवलं. "आता हिला वाचून दाखवा." मेघालीने पान उलटून बोट पहिल्या ओळीवर आणलं.